कवायतीच्या मैदानावर मोहफुलं

चौऱ्याऐंशीचा एप्रिल. गोंडपिपरीच्या स्टँडवर बस लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर एक गुरुजी आणि त्यांच्या गावची एक बाई बोलत होती.

“मंगलीबाई, शाळेच्या मैदानावर मोहफुलं तुम्हीच वाळू घातली ना?”

“आमीच. गावातल्या समद्या बायांनी.”

“उद्या उचला. एक मेच्या कवायतीची तयारी करायची आहे.”

“भर दुपारी?”

“तपासणीचे साहेब दुपारीच येणार आहेत. पोरांना सवय नको?”

“परवा माही पोरगी सोमारी रांगेतच चक्कर येऊन पडली. तिच्या डोक्यावरचा दुपट्टा तुमीच काढाले लावला होता.”

“गणवेशावर दुपट्टा चालत नाही, बाई.”

“तवा तुमी कुठी उभे होते?”

“व्हरांड्यात. शिट्टी मला वाजवावी लागते.”

“सावलीतूनच वाजते का ते?”

“हे पाहा, मी पोलीसपाटलाला सांगीन.”

“सांगा ना. त्याच्या बायकोचा मोह तर तुमच्या पायरीजवळच पसरला आहे.”

“अन् मी पोरांकडून सगळी फुलं उचलून घेतली तर?”

“घ्या. पोरं उचलतीन, आमी मागून पसरू. आमी काई घरी जात नाई.”

“मग कवायत घ्यायची तरी कधी?”

“सकाळी घ्या. ऊन तापल्याबिगर आमी मोह पसरतच नाई.”

“अन् साहेब दुपारीच आले तर?”

“येऊ द्या. त्याले मैदानात उभं करा, टोपी काढून. शिट्टी मी वाजवीन, व्हरांड्यातून.”