नळवालीचा पासपोर्ट

नाही गं, ती खिडकी उघडत नाही, ओढू नकोस, मूठ हातात येईल. बस ना जरा, बॅग राहू दे दारातच, प्रवासाने पार चेहरा उतरलाय तुझा. वर तुझी खोली, खाली माझं शिवणाचं मशीन, आणि स्वयंपाकघर दोघींचं. लोकांच्या पँटी आखूड करून देते मी—इथे ज्याचे त्याचे पाय पँटीपेक्षा चार बोटं कमीच भरतात, माझं बरं चाललंय. काकू म्हण मला. तीही काकूच म्हणायची. ती कोण? तुझ्या आधीची, नळवाली. नाव चांगलं होतं गं तिचं, पण आल्या आल्या तीन दिवस न्हाणीघरात नळ सोडून रडायची—तिला वाटायचं, खाली काही ऐकू जात नाही. आता तूच सांग, दिवसातून सहा वेळा कोण तोंड धुतं? आणि बाहेर आली की लगेच आईला फोन—मी मजेत आहे, खूप मैत्रिणी झाल्यात. मैत्रिणी कसल्या, कॉलेजच्या जिन्यात बसून एकटीच डबा खायची.

माती शिकायला आली होती. हसू नकोस, मातीचंही शिक्षण असतं—खोलीभर बरण्या मांडल्या होत्या तिने, काळी, तांबडी, पिवळी, प्रत्येकीवर चिठ्ठी. मी म्हटलं, अगं, माती तुमच्याकडे नव्हती का? तर तेवढं मात्र हसली. पण चौथ्या दिवशी वर्गात सरांनी तिला तीनदा नाव विचारलं, तिन्ही वेळा त्यांना ते म्हणता येईना, मग हात हलवला आणि पुढच्या मुलाकडे वळले. एवढंच झालं. तुला वाटेल, एवढ्याशा गोष्टीने काय होतं—होतं गं, परक्या गावात एवढंसंच पुरतं. घरी येऊन म्हणाली, काकू, मी शुक्रवारी परत जातेय, तिकीट काढलंय. आणि आईला काय सांगणार होती? त्या माउलीने सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून मुलगी परदेशी गेल्याचं सांगून ठेवलेलं.

मग काय करायचं मी? समजावलं असतं, तर ऐकलं नसतं. बुधवारी ती अंघोळीला गेली, पासपोर्ट टेबलावर होता, मी उचलला आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवला. अशी बघू नकोस, आणि बॅग एवढी जवळ ओढायचं काही कारण नाही, मी सांगतेय ना सगळं. दिवसभर शोधाशोध. मीही तिच्याबरोबर शोधतेय, निलाजरी—सोफा उचलतोय, गाद्या उलथ्यापालथ्या करतोय, आणि ती मला म्हणते, काकू, तुम्ही कमरेला जपा. गुरुवारी सकाळी तिने भात लावला. त्याच डब्यातले तांदूळ, मी दारातूनच बघत होते. पण ती काही बोलली नाही, जेवलो, आणि पुन्हा लागली पलंगाखाली शोधायला. शुक्रवारी विमान गेलं. शनिवारी मी तो दारामागच्या चपलांच्या खणात 'सापडवला'. तोवर तिने आईला कळवलंही होतं—मी परत यायलाच निघाले होते, पण पासपोर्ट हरवला, आता राहते थोडे दिवस.

थोडे दिवस म्हणजे दोन वर्षं. सरांना नाव म्हणायला शिकवलं तिने, फळ्यावर फोड करून लिहून दाखवलं. मैत्रिणी आल्या, घरभर चिखलाचे बूट आले, माझ्या कात्र्या बरण्यांची झाकणं उघडायला जायला लागल्या. मी बडबडायचे, ती ऐकायची नाही. छान चाललं होतं आमचं.

हे मी का केलं म्हणतेस? नाही म्हणालीस, पण चेहऱ्यावर आहे तुझ्या. अगं, मीही शिकायलाच आले होते एकदा. अकराव्या दिवशी परत गेले. माझा पासपोर्ट कुणी लपवला नाही. पुढे लग्न करून आले ती नवऱ्यामागे, आणि शिकले ते पँटी आखूड करायला. नवरा गेला त्यालाही आता आठ वर्षं झाली—जाऊ दे, तो विषय नाही.

गेल्या महिन्यात तिला नोकरी लागली, दुसऱ्या देशात. सोमवारी सकाळचं विमान. रविवारी ती बरण्या धूत होती, पासपोर्ट टेबलावर होता, आणि माझा हात—मी ठरवलं नव्हतं गं, खरंच नव्हतं. मग मशीनवर येऊन बसले आणि पँटीच्या एकाच पायाला दोनदा टीप मारत राहिले. ती खोलीत गेली, बाहेर आली. शोधलं नाही, विचारलं नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन डब्याचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला, पासपोर्ट काढून ओढणीला पुसला. म्हणाली, काकू, तेव्हा मला गुरुवारीच सापडला होता. भात लावताना. परत आत ठेवून दिला मीच—मला न जायला काहीतरी कारण हवं होतं.

म्हणजे बघ, सोफा उचलताना आम्ही दोघीही नाटक करत होतो.

मग माझ्याजवळ येऊन बसली, म्हणाली, पण ह्या वेळी मला जायचंय, काकू. रागावली असती तर बरं झालं असतं. बस येईपर्यंत थांब्यावर उभी होते मी तिच्याबरोबर, बॅग धरून. सोडवत नव्हती, तिने एकेक बोट काढलं माझं, हसत हसत.

असो. मी काय सांगत होते—गरम पाणी डावीकडच्या नळाला. तू दमलीयस, जा, वर जाऊन पड. आणि दार आतून लावून घे. मला राग यायचा नाही.