दोऱ्याची गुलाबी टोकं

दातांच्या दवाखान्यात एक म्हातारे शिंपी तपासून घेऊन बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसलेल्या आपल्या सुनेजवळ टेकले.

“हिरड्यांचा आजार निघाला. वेळेवर आलात म्हणाले डॉक्टर, दात वाचतील.”

“सुटले बाई.”

“पण दुखत तर काहीच नव्हतं. तुला कसं कळलं?”

“तुम्ही दोरा दातानं तोडता ना, मामंजी. महिनाभर पांढऱ्या दोऱ्याची टोकं गुलाबी दिसत होती.”

“ती होय? मी तर दोरेवाल्याला फैलावर घेतलं, माल डागाळलेला देतोस म्हणून.”

“रीळ पांढरंशुभ्र होतं. तोडलेलं टोक तेवढं गुलाबी.”

“चाळीस वर्षं तोडतोय गं. एकदाही टोकाकडे बघितलं नाही.”

“तुम्ही शिवणीकडे बघता. टोकं खाली पडतात. ती मी झाडते.”