फुकटचं पुण्य आणि बडनेऱ्याच्या मुली

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या संस्थेचे विश्वस्त पंजाबरावजी, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे किशोरभाऊ, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती मुलींना खुणांची भाषा शिकवणारी आमची दामिनीताई, अकोल्याहून तिला न्यायला आलेली तिची बहीण दीपमाला, आणि राजापेठ-बडनेऱ्याच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी जयवंता. बडनेऱ्याच्या कर्णबधिर मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. होते, म्हणायला पाहिजे. जीभ अजून वळत नाही.

या समारंभाचं निमंत्रण ग्रुपवर टाकलं तेव्हा अंगठे आले, जोडलेले हात आले, फुलं आली. त्या मानानं खुर्च्या मांडल्या आणि मागच्या रांगा रिकाम्या राहिल्या. असो. आपण आलात, आपले उपकार.

निरोपाच्या भाषणात गुण सांगायचे असतात. दामिनीताईचे गुण मी काय सांगू? एका मुलीचं सांगते. पायल दर्यापूरकडच्या खेड्यातून आमच्याकडे आली, तेव्हा आपल्याला नाव आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. कसं असणार? ऐकलं तर ना! पाणी पाहिजे असलं की पदर धरून ओढत माठाकडे न्यायची. ताईनं तिला खुणेचं नाव दिलं. घोट्याला दोन बोटं लावायची, म्हणजे पायल. त्या दिवशी पोरीनं सगळ्या वसतिगृहाला आपलं नाव सांगितलं. अंगणातल्या गाईलाही सांगितलं. पुढे ती इतकी बोलकी झाली की जेवतानाही हात थांबेनात, वरण सांडायचं, मी रागवायची.

आणि तिला बोलायला माणसं होती हो! राजापेठेतल्या बायका दर रविवारी मुलींच्या केसांना तेल लावायला यायच्या. मुली त्यांना खुणा शिकवायच्या आणि चुकलं की खो-खो हसायच्या. मळ्यातली भाजी घेऊन खुशालराव यायचे. मुलींनी त्यांचं नाव 'मिशी' ठेवलं होतं. ते समोरच बसले आहेत. पुढचं त्यांना विचारूनच सांगते आहे.

मग ती मोबाईलची योजना आली. आपल्याला ठाऊकच आहे. इंटरनेटवरच्या एका ठरावीक पानावरून रोजची शोधाशोध करायची. गाडीची वेळ असो, भाजीचा भाव असो, शेजारी जाहिराती दिसतात आणि त्या कमाईतला वाटा संस्थेला मिळतो. आपल्या खिशाला तोशीस नाही. दामिनीताई मुलींना घेऊन दारोदार फिरली, एकेकाच्या मोबाईलवर तिनं ते पान लावून दिलं. ती योजना खोटी नव्हती, हेही मला सांगितलं पाहिजे. मुलींच्या श्रवणयंत्रांचे सेल काही काळ त्यातूनच आले.

पण हळूहळू रविवार रिकामे जायला लागले. मुली फाटकाशी बसून राहायच्या. शेवटी ताई खुशालरावांच्या मळ्यात गेली. मी सोबत होते.

"काहून दादा, बरेच दिवस दिसले नाही?"

"अवं ताई, मी तं रोजच तुमच्या पोरीईसाठी मोबाईल दाबून राहिलो! सकाळी भाव पायतो, संध्याकाळी भजनं धुंडतो. पयले आठवड्यातून एकडाव सेवा व्हायची, आता रोज होते."

किती आनंदानं सांगत होते! त्या आनंदावर काय बोलायचं? कपट असतं तर भांडता आलं असतं. ताईनं नमस्कार केला आणि आम्ही परत आलो.

पुढे ते पान चालवणाऱ्या कंपनीनं ती योजनाच गुंडाळली. ताई पुन्हा दारोदार गेली. "कुणी या, मुलींशी बोलायला या, स्वयंपाकघरात हात लावा." लोकांनी पाणी दिलं, चहा दिला. एका घरी ताईला विचारलं, "ताई, दुसरं असं फुकटचं काही आलं का? सांगा, आत्ताच लावतो." 'कधी येऊ?' असं मात्र कुणी विचारलं नाही. स्वयंपाकीण सोडून गेली, मग मुलींची काळजीवाहिका गेली, आणि मुलींना सांभाळायला बाई नसताना वसतिगृह चालवायचं कसं? पंजाबरावांनी बंद करायच्या ठरावावर सही केली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना दोष देत नाही.

पायलला न्यायला तिचे वडील आले. योगेश. चांगला माणूस. ताईनं त्यांना ओसरीवर बसवून खुणा शिकवल्या. भूक. पाणी. पोट दुखतं. ते घाम गाळून शिकले. मग ताई 'भीती वाटते', 'आठवण येते' शिकवायला लागली तेव्हा त्यांनी हात जोडले.

"राहू द्या मॅडम. कामापुरतं आलं मले. घरी इतकं कोन बोलते?"

पायल त्यांच्या ओठांकडे पाहत होती. तिनं ताईला खुणेनं विचारलं, "बाबा काय म्हणाले?" मुलींपासून ताईनं कधी शब्द लपवला नव्हता. त्या दिवशी तिनं नुसती पायलची बॅग उचलून दिली.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी तिच्या गावी गेलो. पायल अंगणात होती. ताईनं लांबूनच हात हलवून विचारलं, "कशी आहेस?" पोरीनं आधी रस्त्यावरच्या मुलांकडे पाहिलं. मग दोन्ही हात ओढणीखाली घेतले आणि ओढणीच्या आडून, आम्हालाच दिसेल इतक्या लहान खुणांनी म्हणाली, "इथं हसतात." एवढं सांगून ती घरात पळाली. आम्हाला वाटलं, लाजली. ती बॅग घेऊन बाहेर आली, मंडळी. कपडे भरून. आम्ही तिला न्यायला आलो असं तिला वाटलं.

नाही म्हणायची खूण अगदी सोपी असते. ताईचा हात उठेना. शेवटी मी खूण केली.

परतीच्या एसटीत ताई म्हणाली, "काकू, मी आता शिकवणार नाही. पोरीले भाषा देली आन् एकटं पाडलं. नसती देली तं तिले कळलं तरी नसतं." मी म्हटलं, असं बोलू नये. पण का बोलू नये, ते मला सांगता आलं नाही. आजही सांगता येत नाही. उद्यापासून ती दीपमालाच्या शिवणकामाच्या दुकानात बसणार. अकोल्यातही कर्णबधिर मुली असतील, पण मी तिला आग्रह करणार नाही. कोणत्या तोंडानं करू?

अध्यक्षमहाराजांनी वेळ दिला, पाहुणे कामं टाकून आले, सभागृह विनामूल्य मिळालं, सगळ्यांची मी ऋणी आहे. शुभप्रसंगी बोलू नये असं काही बोलले असेन, कुणाला शब्द लागला असेल, तर वयाकडे पाहून पोटात घाला. दामिनीताई, सुखानं जा.

मागे जेवणाची व्यवस्था आहे. काही मुली जवळच्या गावांहून आईवडिलांसोबत आल्या आहेत, त्या पंगतीत बसतील. त्यांच्याशेजारी बसा. खुणा येत नसतील तरी बसा. आज कुणी घाई करू नका.