अकरा दिवसांची नोकरी

नाही हो मॅडम, काहीच काम करत नाही ती — लिहा तसंच, बिनधास्त लिहा. दरवर्षी तुमच्या ऑफिसातून कोणीतरी येतं, हेच विचारतं आणि मी हेच सांगते. मागचे साहेब तर पंख्याखाली पेंगले, निम्मे रकाने मीच सांगून भरले! बसा नीट, ती खुर्ची डुगडुगते, पण पाडत नाही कुणाला. मुलगी आत आहे. झोपली असेल, नाहीतर पडून असेल — हल्ली दोन्ही सारखंच.

पाय जन्मापासून असे. पण हात! तिचे हात बघायला हवे होते तुम्ही. — काय? आधी कधी केलंय का काम? केलं की... म्हणजे काम कसलं, अकरा दिवस, ते नका लिहू. कोपऱ्यावरच्या टेलरकडे काज-बटणं. दुकानाला पायरी नाही, कुबड्या घेऊन सरळ आत. स्वतःच जाऊन विचारलं, मला पत्ता नाही! संध्याकाळी आली ती बडबडतच — आई, मास्तर म्हणाले, मशीन काय करेल असं काज. मी म्हटलं, अगं, घास तरी गिळ आधी! एकवीस वर्षांत तिला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं मी.

आणि मला ते नकोच होतं. का म्हणजे? तिची सरकारी मदत बंद झाली असती ना! खालच्या पेंटरच्या अपंग भावाचं झालं तसं — पहारेकरी म्हणून लागला, मदत थांबली, तीन महिन्यांत नोकरीही गेली, आणि मदत परत मिळवायला दोन वर्षं चपला झिजवल्या त्यानं. माझ्यामागे हिला कोण बघणार — मास्तर? आईनं काय करायचं, सांगा ना?

तिनं ऐकलं नसतं, हट्टी आहे, माझ्यावरच गेलीय. म्हणून मी मास्तरलाच गाठलं, म्हटलं हिला फिट येते, कात्री-इस्त्रीजवळ ठेवू नका, आणि मी आले होते हे बोलू नका. खोटं हो, धडधडीत खोटं. भला माणूस, घाबरला. तिला म्हणाला, काम कमी झालंय, लागलं की बोलावतो. तिला वाटलं, आपली काजं वाईट. आठवडाभर जुन्या चादरीवर बसली — काज करायचं, उसवायचं, परत करायचं. आई, बघ ना, कुठं चुकतंय माझं? आणि मी — मी चष्मा लावून बघितलं मॅडम, आणि म्हटलं, जरा वाकडंच आहे गं.

चार वर्षं झाली. सुई हातात धरली नाही त्यानंतर. पण मदत येते, अगदी वेळेवर.

काय म्हणालात? — परत सांगा. एवढ्याशा कमाईनं बंद होत नाही? तेव्हाही नव्हती होत? कुठं लिहिलंय? दाखवा, मला वाचता येतं...

विचारलंच नाही हो मी. विचारलं तर तुम्हाला संशय येईल, म्हणून विचारलंच नाही.

नाही, नाही, तिला हाक मारू नका! काय सांगणार तिला — जा, तुझी काजं चांगली होती, तुझ्या आईनंच घालवलं? आपल्याला जमलं नाही, एवढंच दुःख आहे तिला आत्ता. हे कळलं तर माझ्या हातचं पाणी तरी पिईल का? — हो, माझाच विचार करतेय, करू दे मला. आणा तो कागद. ‘काम करत नाही.’ बरोबर आहे. सही कुठं, इथं ना? झालं. या आता. या म्हटलं ना!