वय एक वर्ष

अगं, आमची ती चष्मिस मैत्रीण भाच्याला घेऊन दवाखान्यात लहान मुलांच्या विभागात बसली होती, तर शेजारी कोण असावं? चाकांच्या खुर्चीत एक पणजीबाई, सोबत त्यांची नात आणि कॉम्प्युटर सायन्स शिकलेली पणती! आणि मायलेकींची अशी जुंपलेली!

“चार वर्षं कॉम्प्युटर शिकलीस आणि नोकरी कसली, तर लोकांच्या चुका काढायची?”

“टेस्टिंग म्हणतात त्याला, आई. आज बारा वाजेपर्यंत हो कळवायचंय.”

“काही कळवू नकोस. चुका तर तुझी आत्या फुकटात काढते.”

“प्रोग्राम कुठे गंडतो, ते लोकांच्या हाती जायच्या आधी शोधायचं असतं.”

“का, बनवणाऱ्यांना अक्कल नसते?”

“असते. पण त्यांना पणजी आठवत नाही.”

“पणजीला मध्ये आणू नकोस! तास झाला, डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता नाही. इथे नुसती पोरं केकाटतायत!”

“केव्हाची सांगतेय, आपल्याला चुकीच्या विभागात पाठवलंय. चिठ्ठी वाच. पणजी एकशे एक वर्षांची, आणि यांच्या कॉम्प्युटरमध्ये वयाचे दोनच आकडे मावतात. पुढचा एक उडाला.”

“मग उरलं काय?”

तेवढ्यात दारातून नर्स ओरडली, “वय एक वर्ष, गोवराची लस! बाळाला घट्ट धरून आणा!”

आईने घाईघाईने चिठ्ठी वाचली: वय ०१. पणजीने दोन्ही दंड शालीत लपवले आणि ती पणतीला म्हणाली,

“बाराला किती अवकाश आहे गं? आधी हो कळव, आणि मग मला इथून बाहेर काढ.”