गोदाबाईचा शनिवार

(अकोला, आरतीचं स्वयंपाकघर. अमरावतीची मोठी बहीण चंदा, महिनाभर आपल्याकडे ठेवलेल्या आईला आजच इथं सोडायला आली आहे. वजनकाटा अजून खालीच आहे.)

आरती : काट्यावर नको ढकलू, ताई. इथून गेली तेव्हा आई अठ्ठ्याऐंशी किलो होती, आज नव्वद आहे. डॉक्टर म्हणाले होते, ऐंशीच्या खाली आणा, मगच गुडघ्याचं ऑपरेशन. तू महिनाभर केलंस काय?

चंदा : माह्यावर नको डाफरू. सोळा सोळा तास उपाशी ठेवलं मी तिले. दुपारी एकच येळा जेवन, संध्याकाळी एक फळ, मंग तोंड बंद. तुह्याच घरचं वाढलं असन थे.

आरती : माझ्या घरी घास मोजून, मोबाइलवर नोंदवून जातो. बाराशे कॅलरी, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. तुझ्यासारखी म्हाताऱ्या जिवाला उपाशी नाही मारत मी.

चंदा : चिमनीले दाने टाकल्यावानी पाच डाव टाकतं, अन् मले शिकवतं? चटनीवर तेलाचा थेंब नाई. माय माह्याकडं आली तं रडली.

आरती : माझ्याकडे तुझं सांगून रडते. चंदी चहासुद्धा देत नाही म्हणते.

चंदा : बम शहानी हायेस तू. मोबाइलमंदी सारं टाकतं ना, मंग तिच्या उपासाच्या दिवशी काय टाकतं?

आरती : त्या दिवशी काय टाकायचं? उपास असतो तिला.

चंदा : अन् साबुदान्याची उसळ कोन खाते?

आरती : ती देते मी. देवाचं आहे, त्यात काय मोजायचं? तू देत नाहीस?

चंदा : देतो ना. उपासाले नाई कसं म्हनाव? दान्याचा कूट, तूप, वरून दही. सोमवार, गुरुवार, शनिवार.

आरती : शनिवार? बाबा होते तोवर आईनं शनिवार कधी धरला नव्हता.

चंदा : मले म्हने, आरतीच्या घरी धरला.

आरती : मला म्हणाली, चंदानं धरायला लावला.

चंदा : माय, बोल आता. आमी दोघी एकमेकीच्या जिवावर उठलो, अन् तू उसळ खात बसली. कावून केलं असं?

गोदाबाई : भूक लागे.

आरती : मग तसं सांगायचं ना. तुला गुडघा बरा करायचा आहे की नाही?

गोदाबाई : तुमी दोघी फोनवर बोलत होत्या, थे आयकलं मी. गुडघा झाला का मायले वापस हिवरखेडले पोचवून देऊ म्हने.

आरती : ते ताई म्हणाली होती.

चंदा : अन् हो कोन म्हनलं होतं? माय, तुहंच घर हाय ना थे.

गोदाबाई : माहंच हाय. तुहा बाप गेल्यापासून खायले उठते मले. इथं तुमी भांडता, थिथं तं तेबी कोनी नाई.

(चंदा वजनकाटा उचलून कोपऱ्यात ठेवते.)

गोदाबाई : आज कोनता वार हाय व आरती?

आरती : शुक्रवार.

गोदाबाई : मंग साबुदाना भिजू घालजो.