आईच्या स्मरणशक्तीची चाचणी

हसू नका, माझ्या जागी तुम्हीही घाबरला असता. नव्वदीची आई टेंभुर्णीहून माझ्याकडे जालन्याला राहायला आली. तिचं सगळं मला जमेल याची खात्री वाटेना, मी स्वतःच सत्तरीचा. म्हणून वृद्धांच्या देखभालीची व्यवस्था लावून देणाऱ्या एका बाईंना बोलावलं.

त्यांनी आधी आईची स्मरणशक्ती तपासली. गाव, वार, नातवंडांची नावं, आईनं सगळं बराबर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आजी, नवऱ्याचं नाव काय?"

आई गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्पच. विस्मरण सुरू झालं असेल, तर पुढं मी काय करणार होतो?

"आई, बाबांचं नाव आठवत न्हाई का गं?" माझा आवाज कापत होता.

"आठवायला काय झालं? ते गेले म्हणून काय त्यांचं नाव असं कोरडं घेऊ? एवढा प्रोफेसर झालास अन् इतकं कळंना?"

मग पदर सारखा करून ती बाईंना म्हणाली, "घ्या लिहून.

राजूरच्या गणपतीला दुर्वांची जुडी,
गंगाधररावांच्या लेकाला उगाच भरली हुडहुडी."